घरची गाडी, चालवणारे चौघे : विमा नेमका कोणाला लागू?

तेरेखोल हा गोव्याचाच भाग; परंतु तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर वसलेला. उर्वरित पेडणे तालुक्याशी त्याचा संबंध एक तर केरीच्या फेरीबोटीने येतो, नाही तर रेडी-आरोंद्याच्या बाजूने सिंधुदुर्गाचा मुलूख ओलांडून. अशा ठिकाणी घरच्या चारचाकीला एकच चालक असणे संभवत नाही. गाडी वडिलांच्या नावावर असते, मुलगा ती म्हापशाला कामावर नेतो, सून मुलांना शाळेत सोडते, चवथीला मुंबईहून आलेला पुतण्या चार दिवस चावी खिशात घालून फिरतो. रात्री-अपरात्री रुग्णाला बांबोळीला न्यायचे झाले, तर जो जागा असेल तो स्टिअरिंगवर बसतो. विमापत्रावर मात्र नाव एकाचेच असते. अपघात दुसऱ्याच्या हातून घडला तर विमा कंपनी काय करील, हा प्रश्न पेडणे-डिचोलीच्या बहुतेक घरांत अपघात होईपर्यंत कोणी विचारत नाही.

उत्तराचा पहिला भाग दिलासा देणारा आहे. भारतात मोटार विमा हा गाडीला चिकटलेला असतो, चालकाला नव्हे. घरातील कोणीही, किंबहुना घराबाहेरचाही कोणी, मालकाच्या परवानगीने गाडी चालवत असेल आणि त्याच्याजवळ त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना असेल, तर रस्त्यावरील तिऱ्हाइताची भरपाई आणि पॅकेज पॉलिसी असल्यास गाडीचे नुकसान या दोन्ही गोष्टी विम्यात बसतात. उत्तराचा दुसरा भाग फारसा कोणाला ठाऊक नसतो. गाडी चालवणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाचा विमा मात्र केवळ नोंदणीकृत मालकाचा असतो. तीच गाडी चालवताना मुलगा किंवा सून दगावली, तर मालकासाठी ठेवलेली १५ लाखांची रक्कम त्यांच्या वारसांना मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

चालकाविषयीचे कलम

प्रत्येक खासगी मोटारीच्या विमापत्रावर चालकासंबंधीचे एक कलम छापलेले असते. त्याचा आशय असा की, विमाधारकासह कोणतीही व्यक्ती गाडी चालवू शकते. अट एवढीच की, अपघाताच्या वेळी तिच्याजवळ परिणामकारक परवाना असला पाहिजे आणि परवाना धारण करण्यास ती अपात्र ठरवलेली नसावी. शिकाऊ परवानाधारकालाही हे कलम सामावून घेते, मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ पाळला गेला पाहिजे. म्हणजे शेजारच्या आसनावर गाडी आवरू शकेल असा परवानाधारक शिकवणारा हवा आणि गाडीवर लाल रंगातील ‘एल’ हे अक्षर हवे. कुटुंबीयांची यादी विमा कंपनीला द्यावी लागत नाही, मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणून कळवावे लागत नाही आणि त्याने चालवायला घेतली म्हणून हप्ताही वाढत नाही. तृतीय पक्ष विम्याचा दर इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये असे टप्पे ठरवण्यात आले. गाडी साठीतला गृहस्थ चालवतो की विशीतला पोर, याचा त्या दराशी संबंध नाही.

गोव्याबाहेर, विशेषतः ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या गोमंतकीयांना ही पद्धत चमत्कारिक वाटते. स्विंडनसारख्या गावात राहणाऱ्या कुटुंबाला तिथे विमा घेताना कोण कोण गाडी चालवणार त्यांची नावे द्यावी लागतात, प्रत्येकाचे वय आणि पूर्वीचे अपघात पाहून हप्ता ठरतो. नाव नसलेल्याने गाडी चालवली तर ती सहसा विम्याविना चालवली असे समजले जाते. हप्ता वाचवण्यासाठी मुख्य चालक म्हणून वडिलांचे नाव देऊन प्रत्यक्षात गाडी मुलाकडे ठेवणे हा तिथे फसवणुकीचा प्रकार मानतात. इकडे सुटीवर आलेले हे नातलग घरच्या गाडीला हात लावायला कचरतात, आणि उलट इथून तिकडे गेलेले तरुण बेधडक चुलत्याची गाडी काढतात. दोघांचाही समज आपापल्या देशापुरता बरोबर असतो.

भारतातील कायद्यानेही एक खिडकी उघडी ठेवली आहे. मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम १५० नुसार (२०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हेच कलम १४९ होते) विमा कंपनीला नावानिशी एखाद्या व्यक्तीस चालवण्यापासून वगळणारी अट विमापत्रात घालता येते. खासगी मोटारींच्या नेहमीच्या विमापत्रांत अशी अट आढळत नाही. तरीही विमापत्राचे चालकविषयक कलम एकदा वाचून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.

परवाना : सारा खेळ इथेच

विमा कोणाच्याही हाती गाडी देतो, पण परवान्याशिवाय देत नाही. दावे फेटाळले जातात ते बहुतेक या एकाच फटीतून. घरोघरी होणारे प्रमाद साधारण ठरलेले आहेत.

पहिला प्रमाद ज्येष्ठांचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षे ओलांडलेल्याचा परवाना दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावा लागतो. पूर्वी मुदत संपल्यानंतरही तीस दिवस परवाना परिणामकारक राहत असे. ती सवलत आता उरलेली नाही. मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी अपघात झाला, तर कायद्याच्या दृष्टीने चालकाजवळ परवाना नव्हता. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतो आणि नंतरही एक वर्षापर्यंत करता येतो. वर्ष उलटले की पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळीस वर्षे ओलांडलेल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. वीस वर्षांपूर्वी काढलेला परवाना पाकिटात जपून ठेवणारे आणि त्यावरील तारीख कधीच न पाहणारे आजोबा प्रत्येक वाड्यावर सापडतात.

दुसरा प्रमाद वाहनाच्या प्रकाराचा. गिअर नसलेल्या दुचाकीचा परवाना असलेल्या मुलीने भावाची मोटारसायकल काढली, किंवा केवळ दुचाकीचा परवाना असलेल्याने चारचाकी हाकली, तर तो परवाना त्या वाहनापुरता नसल्यातच जमा. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहन चालवता येते का, हा वाद मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी चालकांच्या बाजूने निकाली काढला. दारात टॅक्सी किंवा छोटा टेम्पो असलेल्या घरांना त्याचा लाभ आहे.

तिसरा परदेशी परवान्याचा. पोर्तुगीज वा ब्रिटिश पारपत्रावर गावी आलेल्या नातलगाने त्या देशातील परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना आणलेला असावा. तो येथे पोहोचल्यावर मिळत नाही, ज्या देशाचा मूळ परवाना आहे तिथूनच आणावा लागतो.

चौथा, आणि सर्वांत गंभीर, अल्पवयीनांचा. कलम १९९अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘मला न सांगता नेली’ असा बचाव पालकाला घेता येतो, पण तो सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावरच असते. चावी दाराजवळच्या खिळ्यावर टांगलेली असेल तर ते ओझे जड जाते.

परवाना नसलेल्याने कोणाला धडक दिली तर त्या जखमीचे काय? त्याचा यात काहीच दोष नसतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात घालून दिलेला दंडक असा की, परवाना नव्हता एवढे दाखवून विमा कंपनीची सुटका होत नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने अटीचा भंग केला हे कंपनीला सिद्ध करावे लागते. तसे सिद्ध झाले तरी न्यायालये अनेकदा कंपनीला आधी जखमीची भरपाई चुकती करायला सांगतात आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. जखमीला पैसे मिळतात, पण ते अखेर मालकाच्याच खिशातून जातात. मृत्यूच्या दाव्यात ही रक्कम सहज काही लाखांवर जाते. घर, बागायत, काजूची भाटे यांवर जप्ती येण्याची भीती ती हीच. दारू पिऊन चालवण्याच्या बाबतीतही २०१९ च्या दुरुस्तीने विमा कंपनीला बचावाचा मुद्दा स्पष्टपणे दिला आहे, आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा तर अशा वेळी मिळतच नाही.

यातून एक वाईट पळवाट रूढ झाली आहे. परवाना नसलेल्याच्या हातून अपघात झाला की दाव्याच्या अर्जात परवानाधारक भावाचे नाव चालक म्हणून घालायचे. पोलिसांचा पंचनामा, रुग्णालयातील नोंद, टोलनाका वा दुकानावरील कॅमेरा यांपैकी एक जरी विरुद्ध बोलला की सारा दावा कोसळतो आणि खोट्या माहितीचे प्रकरण वेगळे उभे राहते. ज्याने गाडी चालवली, त्याचेच नाव द्यावे.

चालवणाऱ्याचा जीव

आता मूळ प्रश्न. मालकाव्यतिरिक्त घरातला कोणी गाडी चालवताना मरण पावला तर?

विमापत्रात ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात संरक्षण’ असते. २०१८ पूर्वी त्याची मर्यादा दुचाकीला एक लाख आणि मोटारीला दोन लाख रुपये होती. मद्रास उच्च न्यायालयाच्या निवाड्यानंतर विमा नियामक प्राधिकरणाने ती १५ लाखांवर नेली. या संरक्षणाला तीन अटी आहेत. व्यक्ती गाडीची नोंदणीकृत मालक असली पाहिजे, विमापत्रावर तिचेच नाव असले पाहिजे आणि तिच्याजवळ परिणामकारक परवाना असला पाहिजे. तिन्ही अटी एकाच माणसात जुळल्या तरच पैसे. गाडी आईच्या नावावर घेतली आणि तिच्याजवळ परवानाच नाही, असे असेल तर हे संरक्षण मुळात घेताच येत नाही. म्हणजे त्या गाडीवर कोणाच्याच जिवाचा विमा नाही. बोटीवर असलेल्या नवऱ्याच्या नावावर गाडी आणि वर्षातले आठ-नऊ महिने ती बायको चालवते, अशी घरे उत्तर गोव्यात कमी नाहीत. नवरा समुद्रावर असतो, त्याच्या नावाचे १५ लाखांचे संरक्षण घरच्या पोर्चमध्ये असते, आणि जी रोज रस्त्यावर असते तिच्या नावाने काहीच नसते.

गोव्यात एका गैरसमजाची त्यात भर पडते. येथील नागरी कायद्यानुसार लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. म्हणून ‘गाडी निम्मी माझीच आहे’ असे पत्नी म्हणते, आणि मालमत्तेच्या दृष्टीने तिचे म्हणणे बरोबरही असते. पण मोटर वाहन कायद्याची मालकाची व्याख्या वेगळी आहे. ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी, तो मालक. विमा कंपनी आरसी पुस्तिकेवरचे नाव पाहते.

न्यायालयात दाद मागावी तर तिथेही वाट अरुंद आहे. मे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या प्रकरणात कर्नाटकातील एक माणूस दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन जाताना पुढील बैलगाडीवर आदळून मरण पावला होता. त्याच्या वारसांनी त्या मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली. न्यायालयाने म्हटले की, गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी उभा राहतो. मालकाला स्वतःविरुद्ध भरपाई मागता येत नाही, तशी यालाही तत्कालीन कलम १६३अ अन्वये मागता येणार नाही. जानेवारी २०२० मध्ये राजस्थानातील अशाच प्रकरणात न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा सांगितले. तिथे वारसांच्या पदरी विम्याच्या करारात ठरलेले वैयक्तिक अपघाताचे एक लाख रुपये पडले. मालकाच्या जागी उभा राहिला म्हणून करारापुरते मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. त्या निवाड्याच्या आधाराने आजचे १५ लाखही बिगरमालक चालकाला मिळतील, असे मानून निश्चिंत राहणे धोक्याचे आहे, कारण विमापत्राची भाषा नोंदणीकृत मालकाविषयीच बोलते.

हे सारे आपल्याच गाडीच्या विम्याविषयी झाले. दोष समोरच्या वाहनाचा असेल तर त्या वाहनाच्या दृष्टीने आपला चालक तिऱ्हाईत ठरतो, मग तो मालक असो वा नसो. त्या वाहनाच्या विमा कंपनीकडून त्याच्या वारसांना रीतसर भरपाई मागता येते. २०२० च्या प्रकरणात वारसांनी धडक देणाऱ्या वाहनाविरुद्ध दावाच केला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अशा दाव्यासाठी सुधारित कायद्याने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. घरात दुःख असताना ही मुदत कशी सरते ते कळत नाही, म्हणून वकिलाची भेट पुढे ढकलू नये.

ही उणीव भरून काढण्याचे मार्ग आहेत आणि ते महागडे नाहीत. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे जो किंवा जी गाडी सर्वाधिक चालवते, तिच्याच नावावर ती घ्यावी. ते शक्य नसेल तर घरातील प्रत्येक चालकाने आपल्या नावाची स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी. ती कोणत्याही गाडीवर, फेरीबोटीत वा पायी चालतानाही लागू असते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. ते १५ लाखांच्या जवळपासही जात नाही, तरी ते नसलेली घरे पाहता त्याचा उल्लेख करावासा वाटतो. मोटार विम्यातच अधिक हप्ता भरून नावानिशी व्यक्तींसाठी किंवा अनामिक प्रवाशांसाठी वैयक्तिक अपघात संरक्षण जोडता येते. प्रवाशांसाठीचे संरक्षण गाडी चालवणाऱ्याला लागू होते का, हे एजंटला तोंडी न विचारता लेखी विचारावे. पगारी चालक ठेवलेला असेल तर त्याच्यासाठी वेगळे संरक्षण असते. एकाच मालकाच्या नावावर दोन-तीन वाहने असतील तर मालक-चालक संरक्षण प्रत्येक वाहनाला वेगळे घेण्याची गरज नाही. स्कूटरचा विमा भरताना ते पुन्हा आकारलेले नाही ना, हे पाहावे.

गाडीत मागे बसलेल्या कुटुंबीयांचे काय, हाही भाग याच्याशी जोडलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये स्पष्ट केल्यानुसार पॅकेज पॉलिसी असेल तर गाडीतील प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येते. केवळ कायद्यापुरती तृतीय पक्ष पॉलिसी असेल तर ती येत नाही. जुन्या गाडीला ‘थर्ड पार्टी पुरे’ असे म्हणणाऱ्यांनी मागच्या आसनावर कोण बसते याचा विचार केलेला नसतो.

नदी, सीमा आणि किनारा

तेरेखोलकरांना एक बारकावा उपयोगी पडेल. पॅकेज पॉलिसीतील गाडीच्या नुकसानीच्या कलमात अंतर्गत जलमार्गाने वाहतूक होत असताना झालेले नुकसानही मोडते. केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीत चढवलेल्या गाडीला बोटीवर काही झाले, तर तो दावा करता येतो, चढवणारा कोण होता याला महत्त्व नाही. निव्वळ तृतीय पक्ष विम्यात हे नाही. तसेच, तृतीय पक्षाच्या मालमत्तेच्या नुकसानीस खासगी मोटारीच्या बाबतीत साडेसात लाखांची मर्यादा असते आणि स्वतःची मालमत्ता त्यात मोडत नाही. मुलाने मागे घेताना वडिलांच्याच नावावरील दुसरी गाडी ठोकली, तर ती तिऱ्हाइताची मालमत्ता नव्हे. त्या दुसऱ्या गाडीच्या स्वतःच्या पॅकेज पॉलिसीवरच दावा करावा लागेल.

पलीकडे दोन-चार किलोमीटरवर महाराष्ट्र सुरू होत असला तरी विमा राज्यापुरता नसतो. गोव्यात नोंदलेली गाडी रेडीला कोणाला लागली, तर विमापत्र तितकेच लागू असते. भरपाईचा दावा अपघात झाला तिथल्या, दावेदार राहतो तिथल्या किंवा प्रतिवादी राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल करता येतो. जखमी पेडण्याचा असेल तर त्याने सिंधुदुर्गात खेपा घालण्याची सक्ती नाही.

नातेसंबंध मात्र सीमेपलीकडे अधिक आणि कागदपत्रे कमी, अशी स्थिती आहे. सावंतवाडीच्या मेहुण्याकडून एमएच-०७ क्रमांकाची गाडी घेतली, पैसे दिले, नाव बदलायचे राहिले; हा प्रकार दोन्ही बाजूंना नित्याचा. अशा गाडीने अपघात केला तर जबाबदारी नोंदणीकृत मालकावर, म्हणजे मेहुण्यावर येते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले : गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणीत ज्याचे नाव, तो मालक. नाव बदलून घेतले पण विमापत्र बदलले नाही, तर वेगळाच पेच. तृतीय पक्षाचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जाते, गाडीच्या नुकसानीचे जात नाही. त्यासाठी हस्तांतरापासून चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. वडिलांनी हौसेने मुलाच्या नावावर करून दिलेल्या गाडीलाही हाच नियम आहे. महाराष्ट्रात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ गोव्यात ठेवायची असेल तर येथे नोंदणी करावी लागते, हेही त्याच ओघात.

किनाऱ्यावरचा प्रश्न त्याहून नाजूक. मोरजी, हरमल, केरीच्या पट्ट्यात घरची स्कूटर किंवा मोटार हंगामात पर्यटकाला ‘वापरायला’ देण्याची प्रथा सर्वांना माहीत आहे. खासगी गाडीच्या विमापत्रात वापराची मर्यादा लिहिलेली असते आणि भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर त्यातून वगळलेला असतो. भाड्याच्या गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात, ती उगाच नव्हे. त्यांचा परवाना वेगळा आणि विमाही वेगळा. घरातला मुलगा ती गाडी चालवत असता तर विमा लागू झाला असता; पैसे देऊन नेणाऱ्या पर्यटकाच्या हाती तो लागू राहत नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीपुरता सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये खासगी गाडी भाड्याने दिल्याच्या एका प्रकरणात दावा समूळ फेटाळू नये, अंशतः द्यावा, असे म्हटले होते. तो दिलासा पत्र्याच्या नुकसानीचा. समोरच्याला इजा झाली तर भरपाई अखेर मालकाकडून वसूल होण्याची तयारी ठेवावी लागते. पाहुणा, मित्र किंवा नातलग फुकट नेत असेल तर हा प्रश्न येत नाही. तिथे पुन्हा परवाना आणि परवानगी एवढेच पाहिले जाते.

मालक गेल्यानंतर

घरातली गाडी सर्वांत जास्त अडकते ती मालकाच्या मृत्यूनंतर. बाराव्याच्या सामानापासून म्हापशाच्या कोर्टातील खेपांपर्यंत सर्व कामांसाठी तीच गाडी वापरात असते, आणि तिचा मालक हयात नसतो.

विमापत्र मालकाच्या मृत्यूबरोबर तत्काळ रद्द होत नाही. मृत्यूपासून तीन महिने, किंवा मुदत त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत, ते चालू राहते. या अवधीत वारसाने मृत्यूचा दाखला, मालकी हक्काचा पुरावा आणि मूळ विमापत्र देऊन ते आपल्या नावावर करून घ्यायचे किंवा गाडीसाठी नवे घ्यायचे. वाहतूक खात्याचा नियमही त्याला समांतर आहे. मृत्यूची माहिती तीस दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवली तर वारसास तीन महिने गाडी वापरता येते आणि तेवढ्या काळात नमुना ३१ मध्ये नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो.

गोव्यात हे तीन महिने पुरत नाहीत. येथे विधवा किंवा विधुर जोडीदाराचा निम्मा हिस्सा आधीचाच असतो, उरलेल्या निम्म्यात मुलांचे वाटे पडतात, आणि वारसांपैकी एखादा कुवेतला तर दुसरा लिस्बनला असतो. २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखालील दस्त आणि सह्या जुळेपर्यंत वर्ष निघून जाते. जमिनीसाठी लागणारा तो वेळ गाडीलाही लावला जातो. ‘सगळे एकदमच करू’ म्हणून गाडी मृताच्याच नावावर राहते, एजंट त्याच नावाने हप्ता भरून घेतो आणि विमा चालू आहे असा सर्वांचा समज होतो. दाव्याची वेळ आली की कंपनी विचारते, विमाधारक कोण? जो करार करायला हयातच नव्हता, त्याच्या नावाने केलेले नूतनीकरण वादात सापडते. मालक-चालकाच्या १५ लाखांचा तर प्रश्नच उरत नाही.

गाडीपुरती वाट मोकळी करण्याची सोय २०२१ मध्ये झाली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार मालकाला नोंदणीच्या वेळी किंवा नंतरही आरसीवर नामनिर्देशित व्यक्ती नोंदवता येते. मालकाच्या पश्चात त्या व्यक्तीने तीस दिवसांत कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ भरला की नोंदणी तिच्या नावावर होऊ शकते. वारसांमधील वाटपाचा प्रश्न त्यामुळे संपत नाही, पण रस्त्यावर असलेल्या गाडीला कायदेशीर मालक मिळतो. गाडी चालवणारी आणि परवाना असलेलीच व्यक्ती नामनिर्देशित केली तर विमाही तिच्या नावावर लगेच उभा राहतो.

मृताने साठवलेला ‘नो क्लेम बोनस’, जो दावारहित पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो, सहसा दुसऱ्याला देता येत नाही, कारण तो गाडीचा नसून माणसाचा असतो. भाऊ भावाला गाडी विकतो तेव्हा बोनस विकणाऱ्याकडेच राहतो. मृत्यू हा त्याला अपवाद. गाडीचा ताबा आणि वापर पती वा पत्नी, मुले किंवा आईवडील यांच्याकडे गेला तर बोनसही त्यांच्याकडे जाऊ शकतो. तो मागावा लागतो. कंपनी आपणहून देत नाही. दावा किंवा बोनस नाकारल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत तक्रार नोंदवता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.